आम्ही असंच म्हणतो

चार वर्षांपूर्वी कुंभकोणमहून एक जाड पाकीट आलं. आत फुलस्केपची तीन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, अक्षर तमिळ. तमिळमधून मराठीत भाषांतर करणं हाच माझा उद्योग असल्याने अशी पत्रं अधूनमधून येतात. पण या पत्राची पहिली ओळच लागेना. अक्षरं ओळखीची होती, शब्द एकही ओळखीचा नव्हता. दुसऱ्या ओळीत ‘तंजावर’ दिसलं, चौथीत ‘मराठी’ दिसलं, आणि मग उजेड पडला. पत्र मराठीतच होतं, फक्त तमिळ लिपीत लिहिलेलं. मी ते मोठ्याने वाचायला लागले. डोळ्यांना जे अर्धा तास कळलं नव्हतं ते कानांना लगेच कळलं.

ज्यांना तमिळ लिपी येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तिच्यात क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांना एक आणि प, फ, ब, भ यांनाही एकच. तमिळ भाषेला तेवढं पुरतं, कारण कुठे कसा उच्चार करायचा हे तमिळ माणसाला शब्दातल्या जागेवरून समजतं. मराठीचं मात्र त्यात हाल होतात. ‘घर’, ‘खर’ आणि ‘कर’ यांचा चेहरा एकच. ‘भात’ लिहिला तर तो ‘पात’ही असू शकतो, ‘बाद’ही, आणि इथे न लिहिण्यासारखा आणखी एक शब्दही. वाक्य पुढे सरकतं तसा मागचा शब्द ठरत जातो. त्या संध्याकाळी मी सहा बाजू अशाच ठरवत ठरवत वाचल्या.

पत्र लिहिणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, बँकेतून निवृत्त झालेले. तमिळनाडूत ज्यांना शेजारीपाजारी ‘रायर’ म्हणतात त्या मराठी घरांपैकी एका घरातले. मीही त्यांना रायर म्हणते, इथेही तसंच म्हणेन. बंगळूरला राहणाऱ्या नातवाने त्यांना एक पुस्तक आणून दिलं होतं: महाराष्ट्राबाहेर लिहिल्या गेलेल्या मराठीतले निवडक वेचे. त्यातला तंजावरचा भाग माझ्याकडे होता. भोसले राजांच्या नाटकांतले काही उतारे आजच्या वाचकाला कळतील असे करून देणं आणि खाली टिपा जोडणं, असं ते काम. रायर देवनागरी वाचतात, सावकाश. लिहिण्याचा हात कधी बसला नाही. त्यांनी उतारे वाचले, टिपाही वाचल्या, आणि टिपांबद्दल पत्र लिहिलं.

माझ्या अकरा टिपांवर त्यांनी आकडे घातले होते. या अकरा ठिकाणी मी ‘तमिळच्या प्रभावाने बिघडलेलं रूप’, ‘अशुद्ध’, ‘मराठीच्या वळणाविरुद्ध’ असले शेरे मारले होते. पत्रात आकडा, त्यापुढे मूळ वाक्य, आणि त्याखाली दर वेळी तेच तीन शब्द: आम्ही असंच म्हणतो. दहा वेळा. अकराव्या आकड्यापुढे लिहिलं होतं, ही मात्र लिहिणाऱ्याची चूक दिसते.

रागाचा एक शब्दही नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

या दहांतल्या एकाबद्दल सांगते, कारण ते मला जास्त लागलं. दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण लेखी मराठीत ‘की’ घालतो: तो म्हणाला की मी उद्या येतो. तंजावरी मराठी बोलणं आधी सांगते आणि मागून ‘म्हणून’ जोडते: उद्या येतो म्हणून सांगितलं. द्राविडी भाषांची ही सरळ वाट आहे. मी टिपेत लिहिलं होतं की वाक्यरचना तमिळ आहे, शब्द तेवढे मराठी. पत्र वाचून झाल्यावर रात्री भांडी घासताना आठवलं, की सोलापूरची माझी आजी जन्मभर असंच बोलली. उद्या येतो म्हणून सांगून गेला बघ. तिच्या अवतीभोवती कानडी होती, तेलुगू होती. तिच्या बोलण्याला मी कधी टीप जोडली नव्हती.

तंजावरच्या घराण्याची ओळख महाराष्ट्रात बहुतेकांना एका परिच्छेदापुरती असते. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, शिवरायांचे सावत्र भाऊ, आदिलशाहीच्या बाजूने दक्षिणेत गेले आणि १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. १६७७ मध्ये दक्षिण मोहिमेत दोघा भावांची भेट झाली, वाटणीवरून तेढ पडली. इथे परिच्छेद संपतो आणि पाठ्यपुस्तक रायगडाकडे परत येतं. पण ती गादी पुढे १८५५ पर्यंत टिकली. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, पुण्याची पेशवाई त्याच्याही तीस वर्षं आधी बुडाली होती. म्हणजे कावेरीच्या मुखाशी, भाताच्या खाचरांमध्ये, मराठी ही राजदरबारची भाषा पुण्यापेक्षा जास्त काळ होती. दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात, आणि बाहेर रस्त्यावर तमिळ, गाण्यात तेलुगू, पाठशाळेत संस्कृत.

या घराण्याचं खरं वैशिष्ट्य मला त्यात दिसतं. त्यांनी आपली भाषा लोकांवर लादली नाही आणि टाकलीही नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी १६८४ ते १७१२ राज्य केलं. त्यांनी तेलुगूत लिहिलं, मराठीत लिहिलं, आणि ‘पंचभाषाविलास’ नावाचं एक नाटक असं लिहिलं की त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर येतात. देशोदेशीच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. दुभाषी नेमून एकीचं म्हणणं दुसरीला सांगण्याचा खटाटोप नाही. प्रेक्षकाला सगळं थोडंथोडं कळतं असं लेखकाने धरूनच चाललं आहे. मी ज्या धंद्यात आहे त्यात हे नाटक वाचणं जरा खजील करणारं आहे. या राजाला माझी गरजच नव्हती.

ही सवय त्यांनी तंजावरात कमावली असंही नाही. आजोबा शहाजीराजे बंगळूरला असताना त्यांच्या दरबारात जयराम पिंड्ये होते. त्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त निरनिराळ्या भाषांतल्या रचना आहेत, राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. परमानंदांच्या ‘शिवभारता’ची पोथीही तंजावरच्याच संग्रहात जपून राहिली होती आणि दिवेकरांनी ती १९२७ मध्ये उजेडात आणली. शिवचरित्राचं इतकं मोठं साधन सह्याद्रीत न राहता कावेरीकाठी राहिलं, हे आपण फारसं बोलून दाखवत नाही.

आणि नाटक. तुलनात्मक साहित्याच्या एम. ए.ला असताना मीही उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’ने झाला. पाच नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचाच. शहाजीराजांचं ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधीचं आहे. त्यानंतर प्रतापसिंहराजांनीही मराठी नाटकं लिहिली, तीही पोथ्यांत आहेत. पहिलं कोणाचं या वादात मला पडायचं नाही. तंजावरच्या नाटकांचा सांगलीशी धागा जुळत नाही, आणि भाव्यांचं श्रेय त्याने कमी होत नाही. पण एक गंमत आहे. भाव्यांना नाटक करून दाखवा असं सांगलीच्या राजांनी सुचवलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. तंजावरचं नाटकही यक्षगान आणि भागवतमेळ्याच्या अंगणात वाढलेलं. दोन्ही खेपांना मराठी नाटक घरात आलं ते दक्षिणेच्या दारातून. मी मात्र टिपेत लिहीत होते: तमिळच्या प्रभावाने बिघडलेलं.

पत्र आल्यावर दोन महिन्यांनी मी तंजावरला गेले. आधीही गेले होते, पण तेव्हा सरस्वती महालाच्या वाचनकक्षातून बाहेर पडलेच नव्हते. हे ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचं, दुसऱ्या सरफोजींनी ते वाढवलं, १९१८ पासून ते सगळ्यांसाठी खुलं आहे. संस्कृत पोथ्याच तीस हजारांवर, मराठी तीन हजारांच्या घरात. मोडी कागद वेगळेच, गठ्ठ्यांनी बांधलेले. या खेपेला मी आधी मोठ्या देवळात गेले. राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ, ज्याच्या जोत्यावर तमिळ कोरीव लेखांच्या ओळीच्या ओळी आहेत. त्याच आवाराच्या भिंतीवर, नैऋत्येच्या बाजूला, मराठी लेख आहे. भोसले घराण्याचा इतिहास, मुळापासून सरफोजींपर्यंत. डिसेंबर १८०३ चा. चिटणीस बाबूरायांनी तो रचला. पुण्याकडून आलेला एक गट तिथे उभा होता. त्यातल्या एका आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून एक ओळ वाचली आणि बायकोला हाक मारली, “अगं इकडे ये, मराठी आहे!” त्या हाकेत जो आनंद होता तो मलाही झाला, खोटं कशाला बोलू.

पण त्या तारखेपाशी मी थबकले. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीच्या हवाली केला होता. त्यांच्या हातात किल्ला आणि राजवाडा उरला होता, आणि वर्षासन. १८०३ च्या सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. ज्या डिसेंबरात इथे अक्षरं पुरी झाली त्याच डिसेंबरात उत्तरेकडे देवगावचा आणि सुर्जी-अंजनगावचा तह होत होता. मराठ्यांची सत्ता सगळीकडून सुटत असताना, सत्ता आधीच सुटलेला एक राजा दुसऱ्याच राजाने बांधलेल्या देवळाच्या भिंतीवर आपल्या कुळाची हकिकत कोरून ठेवत होता. भिंत चोळांची, देव तमिळ लोकांचा, भाषा मराठी. वाचणार कोण याचा त्यांनी काय विचार केला असेल?

सरफोजींना पुस्तकी राजा म्हणून हिणवणारे आहेत. मला ते पटत नाही. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा माणूस इंग्रजी वाचत होता, छापखाना चालवत होता, आणि त्याच्या छापखान्यात इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं गेलं, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे पेशवाई अजून उभी होती तेव्हा. आणि त्यांचं ‘देवेंद्र कुरवंजी’! कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरातली कुरत्ती, भविष्य सांगणारी बाई, येते, आपल्या डोंगराचं, नद्यांचं, मुलखाचं वर्णन गाते आणि विरहाने झुरणाऱ्या नायिकेचा हात पाहते. सरफोजींनी तीच कुरत्ती घेतली, तिला मराठी बोलायला लावलं, आणि तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. युरोपीय पुस्तकांतली खंडं आणि देश ती इंद्राणीपुढे गाऊन दाखवते. तमिळ नाच, मराठी पदं, विलायती नकाशा. हे भाषांतर म्हणावं तर कशाचं? कशातून कशात? मी त्या पदांतले उतारे केले तेव्हा देशांची नावं आजच्या रूपात बदलून टाकली होती. वाचकाच्या सोयीसाठी. आता ते पान उघडवत नाही.

नावांचं या घराण्यात कायमच असं होत आलं. ‘सरफोजी’ या नावाचं नातं बहुधा ‘शरीफजी’शी आहे. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. तेच नाव तंजावरला संस्कृतात जाऊन ‘शरभेंद्र’ झालं, म्हणजे शिवाचा शरभ अवतार, ज्याची पूजा कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनमला होते. पीराचं नाव शिवाच्या अवताराला जाऊन मिळालं आणि वाटेत कुणी अडवलं नाही. तमिळ माणूस ‘सरबोजी’ म्हणतो. तिन्ही नावांनी एकच राजा ओळखला जातो.

सगळीच रूपांतरं इतकी सुखाची नसतात. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये मुलगा नसताना वारले आणि कंपनीने राज्याची उरलीसुरली खूणही पुसली. राज्यच नव्हे, राजवाड्यातली खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचलं आणि १८५९ मध्ये निकाल लागला: हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, त्याचा न्याय करणं कोर्टाच्या अधिकारात येत नाही. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात. त्यात राणीचं नाव इंग्रजी अक्षरांत असं काही लिहिलं आहे की मराठी माणूस ते ‘कामाची बोये साहबा’ असं वाचेल. पुढे मालमत्तेतला काही भाग राण्यांना परत मिळाला. नाव तसंच राहिलं.

१८५५ नंतर दरबार गेला, तरी दरबाराने आणलेली माणसं तिथेच राहिली. काही वर आली आणि दूर गेली. कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरला होळकरांकडे गेले, आणि १८७५ पासून सयाजीराव लहान असताना बडोद्याचा कारभार त्यांनी पाहिला. सयाजीरावांची पहिली राणी तंजावरच्या मोहित्यांची; १८८० च्या त्या लग्नाबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला गेले. बहुतेक घरं मात्र तिथेच राहून कारकून, शाळामास्तर, कीर्तनकार झाली. तमिळ हरिकथेत आजही साकी आणि दिंडी म्हणतात, त्याच नावांनी. सांबार संभाजीराजांमुळे सांबार झालं ही गोष्ट तंजावरला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगतात. तिचा समकालीन पुरावा मला कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे मी ती गोष्ट सांबाराबरोबरच खाऊन टाकते. त्यापेक्षा स्टेशनातला फलक बघा. वेळापत्रकाला तमिळमध्ये ‘काल अट्टवणै’ म्हणतात. अट्टवणै म्हणजे तक्ता, सूची. तमिळ कोश या शब्दाचं मूळ मराठी ‘आठवण’ असं दाखवतात. हिशेबाच्या, नोंदीच्या कागदाला आठवण म्हणायची पद्धत होती. मूलद्रव्यांचा तक्ता शिकणारं तमिळ पोरही तोच शब्द घोकतं.

तंजावरहून कुंभकोणमला रायरांकडे गेले. एका अरुंद गल्लीत लांबट घर, पुढे ओटा. “या अम्मा, बसा,” म्हणाले. पुढचं त्यांचं बोलणं मी जसंच्या तसं देणार नाही, कारण देवनागरीत उतरवताना माझा हात आपोआप ते पुण्याचं करतो आणि मला ते आता समजतं. त्यांच्या पत्नींनी कॉफी आणली. मी माफी मागायला आले होते, पण त्यांनी तो विषय निघूच दिला नाही. त्यांना वेगळंच विचारायचं होतं. आतल्या खोलीतून त्यांनी एक लाल फडक्यात गुंडाळलेलं पुडकं आणलं, पाटावर ठेवलं. सरस्वतीपूजेला पुस्तकांच्या ढिगावर हे सगळ्यात वर ठेवतात, म्हणाले. आजोबांनी, पणजोबांनी ठेवलं तसं. महाराजांनी आपल्या घराला दिलेल्या इनामाचा कागद आहे, असं घरात सांगत आलेत. तुम्ही वाचून सांगा.

फडकं सोडलं. मोडी होती. चार पानं, कडा झिजलेल्या.

मला मोडी येत नाही. हे तिथे बसून सांगणं फार अवघड गेलं. त्यांना वाटलं होतं, मराठीचं एवढं शिकलेली, पुस्तकात तंजावरवर लिहिणारी बाई, तिला आपल्या राजाचा कागद वाचता येणारच. माझ्या आजोबांना येत होती; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात शाळेत मोडी असायची. मग ती गेली. रायरांची मराठी तमिळ अक्षरांत, माझी बाळबोध अक्षरांत, आणि ज्या कागदामुळे आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो तो तिसऱ्याच अक्षरांत. त्यांच्या पत्नी दाराशी उभ्या होत्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, “मग हे कोणालाच येत नाही का?”

तंजावरच्या मोडी कागदांचं तमिळ भाषांतर तिथल्या तमिळ विद्यापीठाने टिपांसह खंडांत छापलं आहे, १९८९ मध्ये. मराठी दरबाराचे कागद वाचायला मराठी माणसाला तमिळ भाषांतराकडे जावं लागतं, हे मी एकदा एका व्याख्यानात विनोद म्हणून सांगितलं होतं आणि लोक हसलेही होते. त्या खंडांतून मराठीत परत आणताना काय होतं तेही मी पाहिलं आहे. समजा तमिळमध्ये आडनाव आलं ‘काडे’. मूळ कागदात ते गाडे असेल, खाडे असेल, घाडे असेल. त्या माणसाने शे-दोनशे वर्षांपूर्वी पगार घेतला किंवा तेल पोचतं केलं, आणि आता तो कोण हे माझ्या अंदाजावर आलं. पुस्तकासाठी मी असे अंदाज केले होते. काही ठिकाणी प्रश्नचिन्ह टाकलं, काही ठिकाणी नाही टाकलं, पान नीट दिसावं म्हणून.

रायरांच्या परवानगीने मी चार पानांचे फोटो काढले आणि मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पाठवले. दहा दिवसांनी उत्तर आलं. इनाम नव्हतं. यात्रेकरूंसाठी राजघराण्याने ठिकठिकाणी छत्रं बांधली होती, त्यांतल्या एका छत्राचा हिशेब होता. तांदूळ, डाळ, तूप, पत्रावळी, दिव्याचं तेल. किती माणसं जेवली त्याचे आकडे. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव.

हे फोनवर सांगायचं धाडस होईना. पुन्हा कुंभकोणमला गेले. ऐकल्यावर रायर थोडा वेळ गप्प बसले. सव्वाशे-दीडशे वर्षं घराने फुलं वाहिलेला कागद, आणि त्यात डाळ-तांदूळ. मग त्यांनी विचारलं, लिहिणाऱ्याचं नाव काय. मी सांगितलं. आडनाव त्यांचंच होतं. नाव त्यांना माहीत असलेल्या कुठल्याही पिढीतलं नव्हतं.

त्यांनी मला तो हिशेब तमिळ अक्षरांत लिहून द्यायला सांगितलं. भाषांतर नको, मराठीच हवी, अक्षरं तेवढी तमिळ, म्हणजे नातवालाही वाचता येईल. मी लिहायला बसले आणि पहिल्याच नावापाशी अडले. ग आहे की घ हे मोडीत स्पष्ट होतं, आणि मी लिहिल्याबरोबर ते पुसलं जाणार होतं. त्यांना म्हटलं तर ते हसले. आत जाऊन विष्णुसहस्रनामाचं एक तमिळ लिपीतलं पुस्तक घेऊन आले. संस्कृत शब्दांसाठी त्यात अक्षराच्या अंगाला बारीक आकडे छापलेले असतात: नुसता क म्हणजे क, दोन घातला की ख, तीन म्हणजे ग, चार म्हणजे घ. त्यांनी पत्र लिहिताना हे का वापरलं नाही, मी विचारलं. घरच्या माणसाला पत्र लिहिताना आकडे कशाला, म्हणाले.

मग त्यांनी चष्मा पुसला, आणि मी आकडे घालून लिहिलेलं पान हातात घेऊन, ओट्यावर बसून, पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. तांदूळ इतके, डाळ इतकी, तूप इतकं. डाळीपाशी मी चुकीचा आकडा घातला होता. तो त्यांनी पेनने खोडला आणि पुढे वाचू लागले.